एन.के.पी. साळवे

नरेंद्रकुमार प्रसादराव साळवे (जन्म : छिंदवाडा, १८ मार्च १९२१, मृत्यू : नवी दिल्ली, १ एप्रिल २०१२) हे भारतीय राजकारणी, सनदी लेखापाल आणि क्रिकेट प्रशासक होते. एन.के.पी. साळवे या नावाने ते सर्वत्र परिचित होते. लोकसभा आणि राज्यसभा या दोन्ही सभागृहांचे सदस्यत्व, केंद्रीय मंत्रिपद व नवव्या वित्त आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. १९८२ ते १९८५ या काळात ते भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते. पुरुषांची क्रिकेट विश्वचषक स्पर्धा इंग्लंडबाहेर भरविण्याचा पहिला निर्णय आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेकडून मिळविण्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९८७ साली भारत आणि पाकिस्तान यांनी संयुक्तपणे भरविलेली रिलायन्स विश्वचषक स्पर्धा हे त्या प्रयत्नांचे फळ होय. स्पर्धेचे यजमानपद परंपरेने एकाच देशाकडे न राहता मागणी, मतदान आणि आर्थिक हमी यांच्या आधारे ठरावे, ही पद्धत क्रिकेटमध्ये या घटनेपासून रूढ होऊ लागली.

कुटुंब आणि पूर्वायुष्य

साळवे यांचा जन्म छिंदवाडा येथे एका मराठी ख्रिस्ती कुटुंबात झाला. छिंदवाडा त्या काळी मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. आज ते मध्य प्रदेशात आहे. वडील प्रसादराव साळवे हे नामवंत वकील होते. राष्ट्रीय चळवळीशी त्यांचा निकटचा संबंध होता आणि पुढे ते भारताच्या संविधान सभेचे सदस्य झाले. आई कॉर्नेलिया या सुशिक्षित गृहिणी होत्या. सहजयोगाच्या प्रवर्तक निर्मलादेवी श्रीवास्तव या साळवे यांच्या धाकट्या भगिनी. ज्येष्ठ विधिज्ञ व भारताचे माजी महान्यायअभिकर्ता हरीश साळवे हे त्यांचे पुत्र होत.

घरात वकिलीची परंपरा असूनही साळवे यांनी सनदी लेखापालाचा व्यवसाय पत्करला. नागपूर ही त्यांची कर्मभूमी ठरली. हिशेब, करकायदा आणि संस्थांचा कारभार यांचा या व्यवसायात मिळालेला अनुभव त्यांना पुढे संसदेत व क्रिकेट प्रशासनातही उपयोगी पडला. तरुणपणापासून त्यांना क्रिकेटची आवड होती. विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून ते क्रिकेट प्रशासनात पुढे आले.

राजकीय कारकीर्द

१९६७ आणि १९७१ च्या सार्वत्रिक निवडणुकांत साळवे मध्य प्रदेशातील बैतूल मतदारसंघातून काँग्रेसच्या उमेदवारीवर लोकसभेवर निवडून आले. १९७८ पासून ते महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेले आणि सलग चार कार्यकाळ तेथे राहिले. इंदिरा गांधी यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी राज्यमंत्री म्हणून माहिती व प्रसारण आणि त्यानंतर पोलाद व खाण ही खाती सांभाळली. नोव्हेंबर व डिसेंबर १९८२ मध्ये दिल्लीत नववी आशियाई क्रीडास्पर्धा झाली, तेव्हा माहिती व प्रसारण खाते त्यांच्याकडे होते. याच सुमारास दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. एखादा देश मोठी क्रीडास्पर्धा भरवितो तेव्हा मैदाने, निवासव्यवस्था, प्रक्षेपण आणि शासकीय यंत्रणा यांची सांगड कशी घालावी लागते, हे त्यांनी येथे जवळून पाहिले.

१९८७ साली केंद्र शासनाने नवव्या वित्त आयोगाच्या अध्यक्षपदी त्यांची नियुक्ती केली. केंद्राच्या करउत्पन्नातील राज्यांचा वाटा ठरविणे हे या आयोगाचे घटनात्मक काम असते. राज्यांच्या प्रत्यक्ष खर्चाच्या आकड्यांवर विसंबून न राहता त्यांची गरज आणि क्षमता निश्चित मानकांवर जोखण्याचा प्रयत्न नवव्या आयोगाने केला. पी.व्ही. नरसिंह राव यांच्या मंत्रिमंडळात १९९३ ते १९९६ या काळात ते ऊर्जामंत्री होते. स्वतंत्र विदर्भ राज्याच्या मागणीचे ते पुरस्कर्ते होते. या प्रश्नावर २००३ साली त्यांनी वसंत साठे यांच्यासह काँग्रेसपासून दूर होऊन विदर्भ राज्य निर्माण काँग्रेसची स्थापना केली.

क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्षपद

१९८२ साली शेषराव वानखेडे यांच्यानंतर साळवे भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष झाले. हे दोघेही नागपूरशी जोडलेले राजकारणी होते. त्या काळी मंडळाची आर्थिक स्थिती बेताची होती. दूरचित्रवाणीच्या हक्कांतून मिळणाऱ्या उत्पन्नाचे युग अद्याप सुरू झालेले नव्हते.

२५ जून १९८३ रोजी लंडनमधील लॉर्ड्स मैदानावर कपिलदेव यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजचा ४३ धावांनी पराभव करून विश्वचषक जिंकला. विजयी खेळाडूंचा गौरव करण्याइतकाही पैसा मंडळाकडे नव्हता. तेव्हा लता मंगेशकर यांनी दिल्लीत गाण्याचा कार्यक्रम केला आणि त्यातून उभ्या राहिलेल्या निधीतून प्रत्येक खेळाडूला एक लाख रुपये देण्यात आले. ज्या मंडळाला आपल्या विश्वविजेत्या संघाच्या सत्कारासाठी गायिकेच्या मदतीची गरज पडली, त्याच मंडळाने पुढच्याच वर्षी विश्वचषकाच्या यजमानपदासाठी इंग्लंडपेक्षा मोठी रक्कम देऊ केली. साळवे यांच्या अध्यक्षपदाच्या काळाचे महत्त्व या विरोधाभासातून स्पष्ट होते.

विश्वचषकाच्या यजमानपदाची तत्कालीन पद्धत

१९७५, १९७९ आणि १९८३ या तिन्ही विश्वचषक स्पर्धा इंग्लंडमध्ये झाल्या. प्रुडेन्शियल ही ब्रिटिश विमा कंपनी त्यांची पुरस्कर्ती होती. महिलांची दुसरी विश्वचषक स्पर्धा १९७८ साली भारतात झाली होती. परंतु पुरुषांच्या स्पर्धेचा यजमान देश इंग्लंडच असणार, हे जवळजवळ गृहीत धरले जाई. त्यासाठी दिली जाणारी कारणे व्यवहार्य वाटत. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, त्यामुळे प्रत्येकी ६० षटकांचा सामना एका दिवसात पूर्ण होतो. मैदाने एकमेकांपासून फार दूर नाहीत. प्रवासाचा खर्चही मर्यादित राहतो.

या व्यवहार्य कारणांमागे सत्तेची एक रचना होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे कार्यालय लॉर्ड्सवर होते. मेरिलबोन क्रिकेट क्लबचा अध्यक्ष हाच परिषदेचाही अध्यक्ष असे. संस्थापक सदस्य म्हणून इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांना नकाराधिकार होता. कसोटी खेळणाऱ्या पूर्ण सदस्य देशांना प्रत्येकी दोन आणि संलग्न सदस्य देशांना प्रत्येकी एक मत असे. संलग्न देशांची संख्या बरीच असूनही यजमानपदासारख्या प्रश्नावर त्यांच्या मताला क्वचितच महत्त्व येई, कारण या प्रश्नावर चुरशीची लढत होतच नसे.

इतर खेळांत परिस्थिती वेगळी होती. ऑलिंपिकचे यजमान शहर आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे सदस्य गुप्त मतदानाने निवडत. सप्टेंबर १९८१ मध्ये जर्मनीतील बाडेन-बाडेन येथे झालेल्या मतदानात दक्षिण कोरियाच्या सोल शहराने जपानच्या नागोयाचा ५२ विरुद्ध २७ मतांनी पराभव करून १९८८ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळविले होते. आशियातील एका विकसनशील देशाने पद्धतशीर प्रयत्न करून जगातील सर्वांत मोठी स्पर्धा आपल्याकडे आणल्याचे हे ताजे उदाहरण होते. क्रिकेटमध्ये मात्र अशा स्पर्धेची प्रथाच नव्हती.

प्रस्तावाची जुळवाजुळव

१९८३ च्या अंतिम सामन्यासाठी साळवे यांनी आपल्या पाहुण्यांकरिता दोन जादा प्रवेशिका मागितल्या होत्या आणि त्या मिळाल्या नाहीत, ही हकिकत क्रिकेटविश्वात प्रसिद्ध आहे. अंतिम फेरीत पोहोचलेल्या देशाच्या मंडळाच्या अध्यक्षालाही लॉर्ड्सवर पाहुण्यासारखे ताटकळावे लागते, हे त्यांना खटकले. या प्रसंगाला पुढे दंतकथेचे रूप आले असले, तरी विश्वचषक आशियात येण्यामागे केवळ एका अपमानाची सल होती असे मानणे अपुरे ठरेल. खरे काम त्यानंतरच्या वाटाघाटींत झाले.

अंतिम सामन्यानंतर लगेच लंडनमध्येच साळवे आणि पाकिस्तान क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष एअर मार्शल नूर खान यांची भेट झाली. पुढील स्पर्धा दोन्ही देशांनी मिळून भरवावी, हा विचार या भेटीत पुढे आला. एकट्या भारताला किंवा एकट्या पाकिस्तानला इंग्लंडशी झुंजणे कठीण होते. दोघे एकत्र आले तर मैदानांची संख्या, प्रेक्षकसंख्या आणि परिषदेतील मते या तिन्ही बाबतींत त्यांची बाजू भक्कम होणार होती. १९६५ आणि १९७१ ची युद्धे लढलेल्या दोन देशांनी एकाच कामासाठी संयुक्त व्यवस्थापन समिती नेमावी, ही गोष्ट त्या काळात सहज घडण्यासारखी नव्हती. साळवे या समितीचे अध्यक्ष झाले. इंद्रजितसिंग बिंद्रा आणि जगमोहन दालमिया हे मंडळाचे तरुण पदाधिकारी या मोहिमेत त्यांच्यासोबत होते.

सप्टेंबर १९८३ मध्ये आशियाई क्रिकेट परिषदेची स्थापना झाली आणि साळवे तिचे पहिले अध्यक्ष झाले. भारत, पाकिस्तान व श्रीलंका यांच्यासोबत बांगलादेश, मलेशिया आणि सिंगापूर हे संलग्न देशही या परिषदेत आले. एप्रिल १९८४ मध्ये शारजा येथे पहिली आशिया चषक स्पर्धा भरली. आशियातील देश एकत्र येऊन इंग्लंडच्या मदतीविना स्पर्धा भरवू शकतात, हे त्यातून दिसले. यजमानपदाच्या मतदानाच्या दृष्टीने या परिषदेचा उपयोग मोठा होता, कारण तिच्यामुळे लहान देशांशी नियमित संपर्काचे व्यासपीठ तयार झाले.

आक्षेप आणि निर्णय

भारत-पाकिस्तानच्या प्रस्तावावर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले गेले. पहिला आक्षेप दिवसाच्या लांबीचा होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उपखंडात सूर्यास्त लवकर होत असल्याने ६० षटकांचे दोन डाव एका दिवसात बसत नाहीत. यावर डाव ५० षटकांचा करण्याचा मार्ग काढण्यात आला. या तोडग्याने एकदिवसीय क्रिकेटचे स्वरूपच बदलले. विश्वचषकात ५० षटकांचा डाव तेव्हापासून कायम झाला. दुसरा आक्षेप अंतरांचा होता. पेशावरपासून चेन्नईपर्यंत पसरलेल्या केंद्रांमध्ये संघांनी प्रवास कसा करावयाचा, हा प्रश्न रास्त होता. त्यावर सामन्यांमध्ये पुरेसे दिवस मोकळे ठेवण्याचा उपाय योजण्यात आला. तिसरा आक्षेप पैशांचा होता. सहभागी संघांना इंग्लंड देते तेवढी रक्कम हे दोन देश देऊ शकतील काय, अशी शंका होती.

साळवे यांच्यातील लेखापाल या ठिकाणी उपयोगी पडला. संयुक्त समितीने पूर्ण सदस्य आणि संलग्न सदस्य या दोन्ही गटांना इंग्लंडच्या प्रस्तावापेक्षा बरीच अधिक रक्कम देऊ केली. संलग्न देशांकडे क्रिकेटच्या प्रसारासाठी उत्पन्नाची साधने फारशी नव्हती, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ही रक्कम मोलाची होती. ऑस्ट्रेलियाचा पाठिंबा मिळविताना यजमानपद आळीपाळीने फिरावे ही भूमिका मांडण्यात आली. विश्वचषक एकदा इंग्लंडबाहेर गेला, तर पुढे तो ऑस्ट्रेलियातही जाऊ शकेल, हा मुद्दा त्यात अनुस्यूत होता. १९८४ साली परिषदेने इंग्लंडचा पर्याय बाजूला ठेवून १९८७ च्या स्पर्धेचे यजमानपद भारत आणि पाकिस्तान यांना दिले. त्यानंतरची १९९२ ची स्पर्धा ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे झाली.

यजमानपद मिळाले, तरी दिलेल्या हमीइतका पैसा परकीय चलनात उभा करणे बाकी होते. ऑक्टोबर १९८४ मध्ये इंदिरा गांधी यांची हत्या झाली आणि देशातील परिस्थिती एकाएकी बदलली. अशा काळात धीरुभाई अंबानी यांच्या रिलायन्स उद्योगसमूहाने स्पर्धेचे प्रायोजकत्व स्वीकारले आणि राजीव गांधी यांच्या शासनाचे सहकार्यही मिळाले. प्रायोजकाच्या नावावरून या स्पर्धेला रिलायन्स चषक हे नाव पडले.

१९८७ ची स्पर्धा

१९८५ मध्ये साळवे मंडळाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. संयुक्त समितीचे काम मात्र त्यांनी पुढे चालू ठेवले. १९८६-८७ च्या हिवाळ्यात भारतीय लष्कराच्या मोठ्या सरावामुळे दोन्ही देशांच्या सीमेवर तणाव निर्माण झाला. फेब्रुवारी १९८७ मध्ये पाकिस्तानचे अध्यक्ष जनरल झिया-उल-हक जयपूर येथील कसोटी सामना पाहण्यासाठी भारतात आले आणि तणाव काहीसा निवळला. स्पर्धा होणार की नाही, हा प्रश्न केवळ मैदानांच्या तयारीवर अवलंबून नव्हता, हे यावरून लक्षात येते.

८ ऑक्टोबर ते ८ नोव्हेंबर १९८७ या काळात ८ संघांमध्ये २७ सामने झाले. त्यासाठी भारतातील १४ आणि पाकिस्तानातील ७ अशी २१ केंद्रे निवडण्यात आली. १९७५ च्या पहिल्या विश्वचषकासाठी इंग्लंडमधील केवळ ६ मैदाने पुरेशी ठरली होती. केंद्रांची संख्या वाढविल्याने प्रवास वाढला, परंतु गुजरानवाला, कटक, इंदूर यांसारख्या शहरांतील प्रेक्षकांना विश्वचषकाचा सामना आपल्या गावात पाहावयास मिळाला. महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि नागपूर येथे सामने झाले. मराठवाड्यातील एकाही शहराचा समावेश त्यात नव्हता. देशाला यजमानपद मिळणे आणि त्या देशातील प्रत्येक भागाला त्याचा वाटा मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रांची निवड मैदान, विमानसेवा, निवासव्यवस्था आणि स्थानिक संघटनेचे बळ यांवर ठरते. या कसोट्यांवर लहान शहरे मागे पडतात.

३१ ऑक्टोबर रोजी नागपूरच्या विदर्भ क्रिकेट असोसिएशनच्या मैदानावर झालेल्या भारत-न्यूझीलंड सामन्याला याच संदर्भात महत्त्व होते. गटात पहिले स्थान मिळविल्यास भारताचा उपांत्य सामना मुंबईत होणार होता. दुसऱ्या स्थानावर राहिल्यास पाकिस्तानविरुद्ध लाहोरला खेळावे लागणार होते. चेतन शर्मा यांनी विश्वचषकातील पहिली हॅट्‌ट्रिक साधली. त्यानंतर सुनील गावस्कर यांनी एकदिवसीय क्रिकेटमधील आपले एकमेव शतक झळकावले. भारताने २२२ धावांचे लक्ष्य ३२.१ षटकांत पार केले आणि सरासरीच्या जोरावर गटात पहिले स्थान पटकावले. साळवे यांच्या नागपुरात झालेल्या सामन्याने अशा रीतीने मुंबईच्या उपांत्य सामन्याचा यजमान संघ निश्चित केला.

दोन्ही यजमान उपांत्य फेरीतच पराभूत झाले. ४ नोव्हेंबर रोजी लाहोर येथे ऑस्ट्रेलियाने पाकिस्तानचा, तर ५ नोव्हेंबर रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर इंग्लंडने भारताचा पराभव केला. त्यामुळे भारत-पाकिस्तान अंतिम सामन्याची अपेक्षा फोल ठरली. तरीही ८ नोव्हेंबर रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर झालेला अंतिम सामना पाहण्यासाठी प्रेक्षकांनी मैदान भरून टाकले. ऍलन बॉर्डर यांच्या ऑस्ट्रेलियन संघाने इंग्लंडला ७ धावांनी हरवून आपला पहिला विश्वचषक जिंकला. आपला संघ नसतानाही मैदान भरलेले राहिले, ही बाब स्पर्धेच्या यशाची साक्ष मानली जाते. या साऱ्या प्रवासाची हकिकत साळवे यांनी 'द स्टोरी ऑफ द रिलायन्स कप' या इंग्रजी पुस्तकात नोंदविली आहे.

मूल्यमापन

साळवे यांच्या कार्याने क्रिकेटच्या सत्ताकेंद्राच्या स्थलांतराला प्रारंभ झाला, असे सामान्यतः मानले जाते. १९९३ साली इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया यांचा नकाराधिकार संपुष्टात आला. १९९६ ची विश्वचषक स्पर्धा पुन्हा उपखंडात झाली. भारत व पाकिस्तान यांच्या जोडीला या वेळी श्रीलंकाही यजमान होती. १९९७ साली जगमोहन दालमिया आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झाले. त्यानंतरच्या काळात दक्षिण आफ्रिका, वेस्ट इंडीज आणि बांगलादेश या देशांनाही विश्वचषकाचे यजमानपद लाभले.

या बदलाची दुसरी बाजूही आहे. जादा रकमेच्या बळावर मते मिळविण्याचा जो मार्ग १९८४ साली दुर्बल बाजूने अवलंबिला, तोच पुढे सबळ बाजूचे हत्यार बनला. भारतीय बाजारपेठेचे महत्त्व वाढत गेले, तसा यजमानपदाच्या निर्णयांवर भारतीय मंडळाचा प्रभावही वाढला आणि लहान मंडळांना पुन्हा एका मोठ्या सत्तेकडे पाहावे लागू लागले. भारत-पाकिस्तान सहकार्यही टिकले नाही. मार्च २००९ मध्ये लाहोर येथे श्रीलंकेच्या संघावर दहशतवादी हल्ला झाल्यानंतर २०११ च्या स्पर्धेतील पाकिस्तानचे सामने काढून घेण्यात आले. ती स्पर्धा भारत, श्रीलंका आणि बांगलादेश येथे पार पडली. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर भारताने दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा साळवे ९० वर्षांचे होते.

साळवे यांनी मांडलेला मूळ मुद्दा मात्र आजही लागू पडतो. खेळ अनेक देश खेळत असतील, तर तो कोठे खेळला जावा हे ठरविण्याचा अधिकार एका देशाच्या हाती असू नये. वित्त आयोगाचे अध्यक्ष या नात्याने राज्यांमधील वाटपाचा विचार त्यांनी मानकांच्या आधारे केला. क्रिकेटच्या यजमानपदासाठी तशी सर्वमान्य मानके घडविण्याचे काम त्यांच्या पिढीकडून अपुरे राहिले.

मृत्यू आणि स्मृती

१ एप्रिल २०१२ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी नवी दिल्ली येथे साळवे यांचे निधन झाले. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाची चॅलेंजर स्पर्धा दीर्घकाळ एन.के.पी. साळवे चषक या नावाने खेळली गेली. नागपूर येथील एन.के.पी. साळवे वैद्यकीय विज्ञान संस्था आणि लता मंगेशकर रुग्णालय ही संयुक्त संस्था त्यांचे नाव धारण करते. १९८३ साली विश्वविजेत्या संघासाठी गाणाऱ्या लता मंगेशकर आणि त्या संघाच्या मंडळाचे अध्यक्ष साळवे यांची नावे तेथे एकत्र आढळतात.